शेल-आज्ञावलीतील चलांची व्याप्ती व तीतून उद्भवणारे दोष

संगणकाच्या साहाय्याने आकडेवारीचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक तक्रार आमच्या विभागात वारंवार ऐकावयास मिळते. आज्ञावली सुरळीत चालते, पडद्यावर चुकीची एकही सूचना येत नाही, आणि तरीही अखेरीस हाती येणारे उत्तर शून्य असते. जेथे यंत्र अडून बसते तेथे दोष शोधणे तुलनेने सोपे. यंत्र स्वतःच दोषाची जागा दाखविते. परंतु जेथे यंत्र निर्विकारपणे चुकीचे उत्तर देते तेथे संशोधकाला प्रथम संशय यावा लागतो, आणि संशय येण्यासाठी विषयाची थोडीबहुत माहिती यंत्राबाहेर असावी लागते. युनिक्स प्रणालीतील शेल नावाच्या आज्ञाभाषेत ह्या दुसऱ्या जातीचे दोष विपुल आहेत. त्यांपैकी चलांच्या व्याप्तीशी, म्हणजे एखाद्या चलास दिलेले मूल्य कोठवर टिकते व कोठे दिसेनासे होते ह्या प्रश्नाशी, निगडित असलेल्या काही दोषांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ एका प्रत्यक्ष घटनेने करतो. दोन वर्षांपूर्वी काही पर्जन्यमापन केंद्रांच्या जुन्या नोंदवह्यांवरून तयार केलेल्या फाइली आमच्याकडे आल्या होत्या. प्रत्येक ओळीत केंद्राचे नाव, महिन्याचा दोन-अंकी क्रमांक, दिवसांची संख्या आणि शेरा अशी चार पदे होती. ज्या दिवसांची नोंद उपलब्ध नव्हती त्यांच्या ओळीस ‘गहाळ’ असा शेरा दिलेला होता. अशा गहाळ दिवसांची बेरीज करावयाची, एवढेच काम. एका विद्यार्थ्याने त्यासाठी पुढील सहा ओळी लिहिल्या. (मूळ आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात, वाचनाच्या सोयीसाठी त्या येथे देवनागरीत उतरविल्या आहेत.)

बेरीज=०
ग्रेप गहाळ नोंदी | व्हाइल रीड केंद्र महिना दिवस शेरा
डू
    बेरीज=$((बेरीज + दिवस))
डन
इको "$बेरीज"

अर्थ सरळ आहे. ‘ग्रेप’ ही आज्ञा ‘नोंदी’ ह्या फाइलीतून ‘गहाळ’ हा शब्द असलेल्या ओळी निवडते. उभी रेघ म्हणजे पाइप, तिच्यामधून त्या ओळी पुढील आवर्तनाकडे जातात. आवर्तन एकेक ओळ वाचून दिवसांची संख्या बेरजेत मिळविते. शेवटची ओळ बेरीज छापते. उत्तर शून्य आले, आणि ‘नोंदींत एकही दिवस गहाळ नाही’ असे वाक्य अहवालाच्या मसुद्यात जाऊन बसले. ते तेथेच राहिले असते. परंतु मूळ वह्या ज्यांनी स्वतः हाताळल्या होत्या त्या आमच्या एका सहकाऱ्यांना पाण्याने भिजून एकमेकांस चिकटलेली जुलै महिन्याची पाने आठवत होती. ती पाने उलगडता आली नव्हती. मग त्या महिन्याचा एकही दिवस गहाळ नाही हे कसे? त्यांचा हा प्रश्न आला नसता तर त्या शून्याच्या आधारावर पुढील सरासऱ्या काढल्या गेल्या असत्या आणि त्या छापल्याही गेल्या असत्या.

आवर्तनाच्या आत बेरीज छापून पाहिली तेव्हा ती ओळीगणिक वाढत असलेली स्पष्ट दिसली. ‘डन’ ह्या शब्दाची सीमा ओलांडताच ती पुन्हा शून्य झाली. विद्यार्थ्याचा पहिला ग्रह असा झाला की यंत्रातच काही बिघाड आहे. बिघाड यंत्रात नव्हता आणि बेरजेतही नव्हता. ‘बेरीज’ ह्या नावाचे चल दोन होते.

हे समजण्यासाठी शेल म्हणजे काय ह्याकडे वळले पाहिजे. शेल हा शब्दशः कवच. परिचालन प्रणालीच्या गाभ्याभोवतीचे, वापरणाराच्या आज्ञा स्वीकारणारे ते आवरण होय. तथापि प्रणालीच्या दृष्टीने शेल हीदेखील इतर आज्ञावलींसारखीच एक प्रक्रिया असते. तिला स्वतःची स्मृती असते आणि चलांची मूल्ये त्या स्मृतीत राहतात. शेलला जेव्हा दुसरे एखादे काम स्वतंत्रपणे चालवावयाचे असते तेव्हा तो ‘फोर्क’ नावाच्या मूलभूत क्रियेने स्वतःची हुबेहूब नक्कल निर्माण करतो. नकलेपाशी त्या क्षणीची सर्व चले त्यांच्या मूल्यांसह असतात. परंतु त्या क्षणानंतर मूळ प्रक्रिया आणि तिचे अपत्य ह्यांचा स्मृतीपुरता संबंध सुटतो.

तलाठ्याच्या दप्तरातून सातबाराची नक्कल काढून आणणाऱ्या खातेदारास हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. नकलेवर त्याने पेन्सिलीने काहीही फेरफार केले तरी दप्तरातील नोंद बदलत नाही, आणि नक्कल फाडून टाकली तर ते फेरफारही तिच्याबरोबर जातात. पाइपच्या उजव्या बाजूचे आवर्तन बॅश ह्या शेलमध्ये अशाच एका नकलेत, म्हणजे उपशेलमध्ये, चालते. बेरीज तेथे बिनचूक झाली. आवर्तन संपताच उपशेल आपल्या बेरजेसह नाहीसा झाला. आणि शेवटच्या ओळीने दप्तरातील मूळ शून्य तेवढे छापले.

युनिक्सच्या जनकांनाही हा अनुभव आला होता, ही गोष्ट नवशिक्यांना धीर देणारी आहे. युनिक्सची निर्मिती १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पीडीपी-७ ह्या लहान संगणकावर सुरू झाली. केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. प्रणालीच्या प्रारंभीच्या रूपात ‘फोर्क’ नव्हता. प्रत्येक टर्मिनलसाठी एकच प्रक्रिया असे आणि तीच एकामागून एक आज्ञा चालवीत असे. ‘फोर्क’ची भर पडल्यावर चालू निर्देशिका बदलणारी आज्ञा अचानक निरुपयोगी झाली. आज्ञा चालत होती, तक्रार करीत नव्हती, पण निर्देशिका काही बदलत नव्हती. रिची ह्यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीविषयीच्या आपल्या निबंधात ह्या घटनेचे वर्णन केले आहे. बराच काळ सांकेतिक मजकूर वाचूनही कारण उमगेना. आणि मग लक्षात आले की आज्ञा आपले काम चोख करीत आहे, फक्त ते काम ती आपल्यासाठी निर्माण झालेल्या अपत्य-प्रक्रियेत करीत आहे. त्या अपत्याची निर्देशिका बदलते, अपत्य लगेच संपते, आणि पालक शेल होता तेथेच राहतो. उपाय म्हणून ती आज्ञा शेलच्या पोटात घ्यावी लागली. आजही ‘सीडी’ ही शेलची अंतर्गत आज्ञा आहे त्याचे कारण हेच. आमच्या विद्यार्थ्याचे शून्य आणि पीडीपी-७ वरील ती अडलेली निर्देशिका ही एकाच कुळातील होत.

आता प्रश्न असा की, हा नियम सर्व शेलना सारखाच लागू आहे काय? तसे असते तर तो एकदा पाठ करून मोकळे होता आले असते. पाइपची कल्पना डग्लस मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली. पाइपच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र प्रक्रिया लागते हे खरे. परंतु त्यांपैकी एखादा टप्पा खुद्द मूळ शेलने चालवू नये असा काही निसर्गनियम नाही. डेव्हिड कॉर्न ह्यांच्या शेलमध्ये व पुढे झेड-शेलमध्ये पाइपचा शेवटचा टप्पा मूळ शेलमध्येच चालतो. म्हणजे वर दिलेल्या सहा ओळी झेड-शेलमध्ये योग्य बेरीज देतात आणि बॅशमध्ये शून्य. पॉझिक्स ह्या प्रमाणग्रंथाने दोन्ही वर्तने ग्राह्य मानली आहेत. दोघे विद्यार्थी शेजारी बसून एकच आज्ञावली दोन शेलमध्ये चालवितात, दोघांची उत्तरे वेगळी येतात, आणि प्रमाणग्रंथ उघडला तर दोघेही निर्दोष ठरतात! प्रमाणीकरणाच्या हेतूशी हे कितपत सुसंगत आहे, ह्याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका आहे.

२०११ मध्ये निघालेल्या बॅशच्या ४.२ ह्या आवृत्तीत ‘लास्टपाइप’ नावाची एक ऐच्छिक सोय आली. ती चालू केली असता बॅशही शेवटचा टप्पा मूळ शेलमध्ये चालवितो. परंतु कार्यनियंत्रण चालू नसेल तेव्हाच तिचा परिणाम होतो, आणि ते फाइलीतून चालणाऱ्या आज्ञावलीत बंद, तर समोर बसून टंकताना चालू असते. तेव्हा तोच तुकडा फाइलीतून चालविला तर एक उत्तर आणि हाताने टंकून पाहिला तर दुसरे, असा प्रकार घडतो. दोष शोधणारा माणूस संशयित तुकडा हाताने टंकूनच पाहतो. त्याच्या दृष्टीने याहून फसवी परिस्थिती क्वचितच असेल.

सामान्यतः सुचविला जाणारा उपाय असा की पाइप टाळावी आणि आवर्तनास फाइल थेट जोडावी. ‘डन’ नंतर कोनचिन्ह देऊन फाइलीचे नाव लिहिले की झाले. बॅशमध्ये मग उपशेल निर्माण होत नाही आणि बेरीज टिकते. येथेही एक ऐतिहासिक खाच आहे. स्टीफन बोर्न ह्यांनी लिहिलेला व १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झालेला मूळ शेल अशा जोडलेल्या आवर्तनासाठीदेखील उपशेल निर्माण करीत असे. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांना ह्याची आठवण असेल. फाइलीऐवजी दुसऱ्या आज्ञेचे उत्पादनच आवर्तनास पुरवावयाचे असेल तर बॅशमध्ये त्यासाठी कंसयुक्त कोनचिन्हाची रचना आहे. परंतु ती पॉझिक्समध्ये नाही, आणि उबुंटू वितरणाने २००६ मध्ये आपला प्रमाण शेल म्हणून बॅशऐवजी डॅश हा लहान शेल स्वीकारला तेव्हा बॅशची लकब गृहीत धरून लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावली बंद पडल्या. आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत शेलचे नाव लिहिण्याची प्रथा केवळ शिष्टाचाराची नाही, हे त्या वेळी अनेकांस कळून चुकले.

आपण उपशेलमध्ये आहोत की नाही हे ओळखावे कसे? पुष्कळ जण प्रक्रियेचा क्रमांक छापून पाहतात, आणि त्यासाठी जवळजवळ ओळीने दोन डॉलरचिन्हे लिहितात. ही पद्धत फसवी आहे. दोन डॉलरचिन्हांनी मिळणारा क्रमांक उपशेलमध्येही मूळ शेलचाच असतो. तो मुद्दामच तसा ठेवला आहे. बॅशमध्ये ‘बॅशपिड’ हे चल खरा क्रमांक देते. दोन्ही क्रमांक एका ओळीत छापावेत. ते भिन्न आले तर आपण नकलेत आहोत असे समजावे. ह्या एका ओळीने आमच्या विभागातील कित्येक दुपारी वाचविल्या आहेत.

येथवर मूल्ये हरवण्याचा विचार झाला. आता नेमका उलट प्रकार पाहू. तो असा की, मूल्य जेथे जावयास नको तेथे जाते.

शेलमध्ये फंक्शन लिहिता येते; म्हणजे काही आज्ञांस एक नाव देऊन ते नाव हवे तेथे वापरता येते. बीजगणिताची किंवा सी, पायथन ह्या भाषांची सवय असलेला मनुष्य असे धरून चालतो की फंक्शनच्या आत वापरलेली चले त्याच्या आतच राहतील. शेलमध्ये तसे नाही. वेगळे न सांगितल्यास प्रत्येक चल सार्वत्रिक असते. समजा, पाच तालुक्यांवरून एकेक करून जाणारे आवर्तन ‘अ’ हा मोजणीचा अंक एकपासून पाचपर्यंत वाढविते. दर तालुक्यासाठी ते एक फंक्शन बोलाविते, आणि त्या फंक्शनमध्ये बारा महिन्यांची मोजणी करण्यासाठी लेखकाने पुन्हा ‘अ’ हेच अक्षर वापरले आहे. पहिल्या तालुक्याचे काम आटोपून फंक्शन परत येते तेव्हा ‘अ’चे मूल्य तेरा झालेले असते. तेरा हे पाचापेक्षा अधिक; म्हणून बाहेरचे आवर्तन आपले काम संपले असे समजून थांबते. एकाच तालुक्याचे कोष्टक छापले जाते, आणि चूक झाल्याची सूचना कोठेच नसते. आतील मोजणी बाराऐवजी तीनपर्यंतच असती तर बाहेरचे आवर्तन कधीच संपले नसते. तो दोष निदान लक्षात तरी आला असता.

ह्या बाबतीत बोर्न ह्यांच्या शेलची कथा काहीशी विनोदी आहे. बोर्न हे आल्गोल ६८ ह्या भाषेच्या परंपरेतील. शेलमधील ‘इफ’चा शेवट ‘फाय’ने आणि ‘केस’चा शेवट ‘इसॅक’ने, म्हणजे तीच अक्षरे उलट लिहून, होतो ही त्या परंपरेचीच खूण. ‘डू’चा शेवट मात्र ‘ओडी’ने करता आला नाही, कारण त्या नावाची दुसरी एक आज्ञा युनिक्समध्ये आधीपासून होती; म्हणून ‘डन’ आला. शेलची मूळ संहिताही त्यांनी सी भाषेला आल्गोलचा वेष चढवून लिहिली होती. परंतु आल्गोल कुळाचे खरे वैभव जे व्याप्तीचे काटेकोर नियम, ते मात्र शेलमध्ये उतरले नाहीत. सातव्या आवृत्तीतील शेलमध्ये फंक्शने नव्हती. पुढे ती आली तेव्हाही बोर्नच्या शेलमध्ये त्यांना स्वतःची चले मिळाली नाहीत. शब्द आल्गोलचे राहिले आणि व्याप्ती मोकाट राहिली.

१९८९ मध्ये ब्रायन फॉक्स ह्यांनी ग्नू प्रकल्पासाठी सिद्ध केलेल्या बॅशच्या परंपरेत ‘लोकल’ ही आज्ञा आहे. फंक्शनच्या आरंभी ‘लोकल अ’ असे लिहिले की वरील अनर्थ टळतो. तथापि ‘लोकल’ ह्या शब्दाने वाचकाचा गैरसमज होऊ नये. असे चल फंक्शनपुरते स्थानिक असते हे अर्धेच सत्य आहे. ते फंक्शन ज्या अन्य फंक्शनांना बोलाविते त्यांनाही ते दिसते, आणि त्यांना ते बदलताही येते. व्याप्तीच्या ह्या प्रकारास गतिक व्याप्ती म्हणतात. चलाचा अर्थ कोणता हे मजकुरातील त्याच्या स्थानावरून ठरत नाही. कोणी कोणास बोलाविले त्या साखळीवरून ठरते. जुन्या लिस्प भाषांत हीच रीत होती, आणि नंतरच्या भाषांनी ती बहुधा सोडून दिली. १९९३ च्या कॉर्न-शेलने स्थैतिक व्याप्ती स्वीकारली. पण तीही ‘फंक्शन’ हा शब्द लिहून सिद्ध केलेल्या फंक्शनांपुरतीच. नुसत्या कंसांनी सिद्ध केलेली फंक्शने तेथे सार्वत्रिक चलांवरच काम करतात. एकच शेल, फंक्शन लिहिण्याच्या दोन रीती, आणि व्याप्तीचे दोन नियम!

गतिक व्याप्तीचा व्यावहारिक परिणाम असा की, एखाद्या फंक्शनचा अर्थ ते फंक्शन वाचून पूर्णपणे कळत नाही. त्यात वापरलेले ‘मार्ग’ हे चल कोठून येते हे जाणून घेण्यासाठी त्याला बोलाविणारी सर्व स्थळे पाहावी लागतात. लहान आज्ञावलीत हे चालून जाते. तीनशे ओळींच्या आज्ञावलीत जात नाही.

‘लोकल’विषयी आणखी एक बारीक गोष्ट. ‘लोकल’ ही स्वतः एक आज्ञा असल्यामुळे तिला तिचा स्वतःचा निर्गमांक असतो. ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत दुसऱ्या आज्ञेचे उत्पादन चलास दिले, आणि ती दुसरी आज्ञा अयशस्वी झाली, तरी ओळीचा निर्गमांक शून्य, म्हणजे यशस्वी, असाच येतो. कारण ‘लोकल’ यशस्वी झालेली असते. चूक होताच थांबण्याची सूचना आरंभी देऊन ठेवली असली तरी आज्ञावली थांबत नाही. तेव्हा घोषणा एका ओळीत आणि मूल्यदान दुसऱ्या ओळीत करावे.

रिकाम्या चलाचे प्रकरण ह्याहून गंभीर आहे. शेलमध्ये ज्या चलास मूल्य मिळालेच नाही त्याचा उल्लेख केला तर चूक दाखविली जात नाही. त्या जागी रिकामी जागा येते. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ ह्या खेळवितरण-प्रणालीच्या लिनक्सवरील आज्ञावलीत असलेला दोष उघडकीस आला. आज्ञावली आपली स्वतःची निर्देशिका शोधून तिचे नाव एका चलात ठेवीत असे, आणि प्रसंगी ‘त्या निर्देशिकेखालील सर्व काही पुसून टाक’ अशी आज्ञा देत असे. एका वापरणाराच्या यंत्रावर निर्देशिका शोधण्याचा प्रयत्न फसला आणि चल रिकामे राहिले. निर्देशिकेचे नाव गळल्यावर आज्ञेत उरली ती एकटी तिरपी रेघ आणि तिच्यापुढील तारका. युनिक्समध्ये एकट्या तिरप्या रेघेचा अर्थ संपूर्ण फाइलव्यवस्थेचे मूळ असा होतो. त्या वापरणारास पुसण्याचा अधिकार असलेल्या सर्व फाइली गेल्या. राखीव प्रतींसाठी जोडलेल्या बाह्य तबकडीवरील फाइलीही गेल्या. त्या ओळीच्या वर आज्ञावलीच्या लेखकाने स्वतःच ही ओळ भीतिदायक असल्याचा शेरा लिहून ठेवलेला होता. भीती वाटली होती; तपासणी मात्र लिहिली गेली नाही.

अशा प्रसंगी ‘सेट’ आज्ञेचा ‘यू’ हा पर्याय वापरावा, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याने अनिर्धारित चलाचा उल्लेख होताच आज्ञावली थांबते. परंतु वरील उदाहरणात त्याचा उपयोग झाला नसता. चल अनिर्धारित नव्हते. त्याला मूल्य दिलेले होते, आणि ते मूल्य रिक्त होते. शेलच्या दृष्टीने ह्या दोन भिन्न स्थिती आहेत. दोन्हींवर चालणारा उपाय म्हणजे महिरपी कंसात चलाच्या नावापुढे अपूर्णविराम व प्रश्नचिन्ह जोडणे. चल अनिर्धारित असो वा रिक्त, आज्ञावली तेथेच थांबते. अपूर्णविराम गाळला तर मात्र रिक्त मूल्य सुटून जाते. एका अपूर्णविरामावर एखाद्याच्या आयुष्यभराच्या फाइली अवलंबून असाव्यात हे विचित्र खरे, पण वस्तुस्थिती तशी आहे.

चले पालकाकडून अपत्याकडे जातात ती ‘एक्सपोर्ट’ केली असता. अशा चलांच्या संचास परिसर म्हणतात. हा मार्ग एकेरी आहे. अपत्याने केलेला बदल पालकास कधीही कळत नाही, हे वर आलेच आहे. परंतु एकेरी मार्गावरूनही नको ते आत येऊ शकते. बॅशने आपली फंक्शने अपत्य-शेलकडे पोहोचविण्यासाठी ती मजकूररूपाने परिसरातील चलांत ठेवण्याची युक्ती योजिली होती. अपत्य-शेल सुरू होताना तो मजकूर वाचून फंक्शन पुन्हा सिद्ध करीत असे. पण फंक्शनची व्याख्या संपल्यावर पुढे काही आज्ञा लिहिलेल्या आढळल्या तर त्याही तो चालवून मोकळा होई. महाजालावरील काही सेवा परक्या माणसाकडून आलेला मजकूर परिसरातील चलांत ठेवून आज्ञावली चालवितात. तेव्हा दूरवरच्या अनोळखी माणसाला आपल्या आज्ञा दुसऱ्याच्या यंत्रावर चालविण्याचा दरवाजा उघडा होता, आणि तो कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातही आला नव्हता. स्टेफान शाझेला ह्यांनी तो शोधून काढला व २४ सप्टेंबर २०१४ रोजी तो ‘शेलशॉक’ ह्या नावाने जगापुढे आला.

आमच्या पर्जन्य-नोंदींकडे परत येऊ, कारण ती कथा शून्याशी संपली नाही. विद्यार्थ्याने पाइप काढून टाकली, फाइल आवर्तनास थेट जोडली, आणि ‘गहाळ’ शेऱ्याची तपासणी ‘ग्रेप’ऐवजी आवर्तनाच्या आत घेतली. बेरीज आता आली. ती हाताने केलेल्या बेरजेशी ताडून पाहिली तेव्हा तीन केंद्रांच्या बाबतीत ती थोडी कमी भरली. तिन्ही ठिकाणी डिसेंबरचे गहाळ दिवस तेवढे सुटले होते. कारण असे निघाले की त्या तीन फाइली टंकणाराने शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करण्याची कळ दाबली नव्हती. ओळ-समाप्तीचे चिन्ह न मिळाल्यास ‘रीड’ ती ओळ वाचते, चलांत भरते, आणि तरीही अपयशाचा निर्गमांक देते. त्यामुळे आवर्तन ती ओळ हाती असूनही तिच्यावर काम न करता थांबते. पूर्वीच्या आज्ञावलीत ही अडचण नव्हती, कारण ‘ग्रेप’ आपल्या उत्पादनात ते राहिलेले चिन्ह स्वतः भरून देत असे. एक दोष दूर करताना त्याच्याआड दडलेला दुसरा उघडा पडला. उपाय छोटा आहे. ‘रीड’ अयशस्वी झाले तरी केंद्राचे चल रिकामे नसेल तर आवर्तन चालू ठेवावे, अशी जोड अट लिहावी.

दोष शोधण्याच्या साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘सेट’ आज्ञेचा ‘एक्स’ हा पर्याय दिला असता शेल प्रत्येक आज्ञा चालविण्यापूर्वी, चलांच्या जागी मूल्ये घालून, छापून दाखवितो. आपण काय लिहिले आणि शेलने काय वाचले ह्यांतील अंतर त्यातून डोळ्यांस दिसते. ‘डिक्लेअर’ आज्ञेचा ‘पी’ हा पर्याय चलाचे मूल्य अवतरणचिन्हांसह छापतो. त्यामुळे अनिर्धारित व रिक्त ह्यांतील भेद कळतो, आणि शेवटी चिकटलेली अदृश्य चिन्हेही उघड होतात. ‘शेलचेक’ नावाची आज्ञावली मजकूर न चालविताच तपासते, आणि पाइपनंतरच्या आवर्तनात बदललेले चल पुढे वापरले असल्यास तसा इशारा देते. आमचे शून्य तिने पहिल्याच तपासणीत दाखविले असते. डिसेंबरची ओळ मात्र तिला दिसली नसती. तो दोष आज्ञावलीत आणि फाइलीत वाटून राहिलेला होता.

पुढील वर्षी त्याच आज्ञावलीत मोसमी महिन्यांचा क्रम काढण्याची एक ओळ घातली गेली. जून पहिला, जुलै दुसरा, ह्याप्रमाणे क्रम यावा म्हणून महिन्याच्या अंकातून पाच वजा करावयाचे. विद्यार्थ्याने जून व जुलैच्या नोंदींवर चाचणी घेतली. दोन्ही क्रम बरोबर आले. ऑगस्टच्या नोंदीपाशी हिशेब अडला. फाइलीत महिने दोन अंकी होते, आणि आरंभीचे शून्य पाहिले की बॅश ती संख्या अष्टमान पद्धतीची समजतो. ०६ आणि ०७ हे अंक अष्टमानातही सहा व सातच असतात. परंतु ०८ व ०९ ह्या संख्या त्या पद्धतीत संभवतच नाहीत, कारण तेथे आठ व नऊ हे अंकच नाहीत. येथे शेलने तक्रार तरी केली. केंद्रांचे क्रमांक तीन अंकी असते आणि त्यांवर गणित करावयाचे असते, तर ०१० ह्या क्रमांकाचे त्याने काही न बोलता आठ केले असते. संख्येपूर्वी ‘१०#’ अशी खूण घातली की बॅश ती दशमान धरून चालतो. ती खूण त्या ओळीत आता घातलेली आहे, आणि चाचणीच्या फाइलीत ऑगस्ट व सप्टेंबर ह्या महिन्यांची प्रत्येकी एक ओळ कायमची ठेवली आहे. त्या फाइलीची शेवटची ओळ मुद्दाम अपुरी सोडलेली आहे.